गो. नी. दांडेकर

गोपाळ नीलकंठ दांडेकर (जन्म : परतवाडा, अमरावती जिल्हा, ८ जुलै १९१६, मृत्यू : पुणे, १ जून १९९८) हे मराठी कादंबरीकार, चरित्रकार, ललितलेखक, दुर्गयात्री आणि गडकोटांचे छायाचित्रकार होते. वाचक त्यांना गोनीदा या नावाने ओळखतात. निकटवर्तीय त्यांना आप्पा म्हणत. स्मरणगाथा या आत्मकथनपर पुस्तकासाठी त्यांना १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९८१ मध्ये अकोला येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शितू, पडघवली, माचीवरला बुधा, जैत रे जैत यांसारख्या कादंबऱ्यांमुळे त्यांचे नाव साहित्याच्या इतिहासात प्रामुख्याने कादंबरीकार म्हणून घेतले जाते. परंतु सह्याद्रीतील किल्ले पायी हिंडणे, तेथे मुक्काम करणे आणि कॅमेऱ्याने त्यांची रूपे टिपणे हा छंदही त्यांनी अनेक दशके जोपासला, आणि त्याचा त्यांच्या लेखनाशी असलेला संबंध वरवरचा नाही.

पूर्वायुष्य

दांडेकरांचा जन्म वऱ्हाडात झाला. त्यांच्या वाट्याला आलेले औपचारिक शिक्षण थोडे होते. महात्मा गांधींच्या आवाहनाने भारावून, वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, सातवीत असताना त्यांनी शाळा आणि घर दोन्ही सोडले आणि स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. पुढे ते गाडगे महाराजांच्या सहवासात आले. गाडगे महाराज हेही मूळचे अमरावती जिल्ह्यातलेच. गावोगाव हिंडून झाडू आणि कीर्तन यांच्या साहाय्याने लोकांना जागे करणाऱ्या या संताचा संदेश पोहोचवण्यासाठी दांडेकरही हिंडले. हे त्यांच्या पायपिटीचे पहिले पर्व म्हणावे लागेल. नंतर त्यांनी वेदान्ताचा अभ्यास केला, तसेच औंध येथे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे संपादनाचे काम केले.

याच भटकंतीच्या काळात त्यांनी नर्मदा परिक्रमा केली. परिक्रमेत नदी सतत उजव्या हाताला ठेवून चालायचे, पात्र ओलांडायचे नाही आणि मिळेल त्या भिक्षेवर राहायचे, असा दंडक आहे. त्या अनुभवावर आधारलेली कुणा एकाची भ्रमणगाथा ही कादंबरी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचकांत नर्मदा परिक्रमेविषयी जे कुतूहल आज दिसते, त्याच्या मुळाशी असलेल्या पुस्तकांपैकी ती एक आहे. शाळा सोडलेल्या मुलाने रस्त्यालाच शाळा केले होते. एखादे स्थळ समजून घ्यायचे तर ते पायांनी समजून घ्यायचे आणि तेथील माणसांच्या चुलीजवळ बसून घ्यायचे, ही सवय त्यांना या वर्षांत लागली. गडांवरही ते याच सवयीने गेले.

तळेगाव आणि मावळ

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास दांडेकर पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे स्थायिक झाले आणि केवळ लेखनावर उपजीविका करायचे त्यांनी ठरवले. त्या काळात मराठी लेखकाने असा निर्णय घेणे धाडसाचे होते. कादंबऱ्या, किशोरांसाठी गोष्टी, पौराणिक कथा, संतचरित्रे, प्रवासवर्णने असे विपुल लेखन त्यांनी केले. त्यातील काही उपजीविकेच्या निकडीतून आलेले आहे आणि ते सगळे एकाच उंचीचे नाही.

तळेगावची निवड त्यांच्या छंदाच्या दृष्टीने फलदायी ठरली. मुंबई–पुणे लोहमार्गावरचे हे गाव मावळात आहे. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची, ढाक हे सारे डोंगर येथून एका दिवसाच्या टप्प्यात येतात. घाटाच्या वरच्या बाजूला मावळ आणि कड्याखाली कोकण अशी ही सीमारेषा आहे. याच रेषेवर दांडेकरांच्या अनेक कादंबऱ्या घडतात. १९५५ मधील पवनाकाठचा धोंडी ही तुंग किल्ल्याच्या हवालदारीचा वारसा अभिमानाने मिरवणाऱ्या माणसाची कथा आहे. पुढे या खोऱ्यात पवना धरण झाले. आज तुंगाचे कोणतेही छायाचित्र पाहिले तर पायथ्याशी पाण्याचा विस्तार दिसतो. दांडेकरांनी कादंबरी लिहिली तेव्हा तेथे शेते आणि वस्त्या होत्या. जुन्या दुर्गवर्णनांचे आणि दुर्गचित्रांचे मोल कोठे आहे, हे अशा वेळी लक्षात येते.

माचीवरला बुधा (१९५८) ही राजमाचीवरची कादंबरी. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, त्यांच्यामधल्या खिंडीतले भैरवनाथाचे देऊळ, उधेवाडीची वस्ती आणि कड्याखाली उल्हास नदीचे खोरे, असा या गडाचा विस्तार आहे. मुंबईतले जगणे टाकून बुधा हा म्हातारा माचीवर परत येतो आणि झाडे, पाखरे व कुत्रा यांच्या संगतीत उरलेले आयुष्य घालवतो, एवढेच तिचे कथानक. घटना अगदी कमी आणि निरीक्षण अपार असलेली ही कादंबरी ऋतू पालटतील तशी पुढे सरकते. एकाच जागी बसून, उजेड आणि हवा बदलताना तीच दरी पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या माणसालाच असे लेखन साधते. छायाचित्रकाराचे कामही याच प्रकारचे असते.

दुर्गभ्रमण आणि छायाचित्रण

दांडेकर किल्ल्यांकडे इतिहासकाराच्या शिस्तीने गेले नाहीत. चिंतामण गंगाधर गोगटे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील किल्ल्यांची माहिती ग्रंथरूपाने एकत्र केली होती, तर शां. वि. आवळसकरांनी रायगडाचा कागदपत्रांच्या आधारे चिकित्सक अभ्यास केला. दांडेकरांची वाट निराळी होती. शिवाजी महाराजांविषयीची भक्ती, डोंगराचे वेड आणि गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांविषयीचे ममत्व या तिन्हींच्या मिश्रणातून त्यांचे दुर्गलेखन झाले. दुर्गदर्शन, दुर्गभ्रमणगाथा आणि किल्ले ही या विषयावरील त्यांची प्रमुख पुस्तके. त्यांत इतिहास आहे, पण वाचकाला चढणीची धाप, टाक्यातल्या पाण्याची चव आणि रात्री देवळात पडून ऐकलेला वारा अधिक लक्षात राहतो. रायगड, राजगड, राजमाची या गडांवर ते वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा गेले, राहिले आणि आपल्याबरोबर इतरांनाही घेऊन गेले. गड पाहून त्याच दिवशी उतरण्यात त्यांना रस नव्हता.

या हिंडण्यात कॅमेरा त्यांच्याबरोबर असे. त्यांनी तट, बुरूज, दरवाजे, माच्या आणि कडे यांची पुष्कळ छायाचित्रे काढली. या संग्रहातील निवडक छायाचित्रे गोनीदांची दुर्गचित्रे या पुस्तकात पाहायला मिळतात.

सह्याद्री हा छायाचित्रकारासाठी सोपा विषय नाही. हिमालयाप्रमाणे येथे बर्फाची झळाळी नाही. लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेला हा काळा पाषाण आडव्या पट्ट्यांचा आहे. तो उजेड शोषून घेतो आणि वरचे आकाश मात्र लख्ख असते. आकाशाला अनुसरून उजेड मोजला तर कडा काळाठिक्कर उमटतो आणि कड्याला अनुसरला तर आकाश पांढरेफटक होते. माध्यान्हीच्या उन्हात डोंगराच्या साऱ्या घड्या सपाट दिसतात. सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन पडले म्हणजेच थर, घळी आणि तटाचे चिरे उठून दिसतात. चैत्र-वैशाखात धुळीने आणि वणव्यांच्या धुराने दूरच्या रांगा पुसल्या जातात, श्रावणात ढगांखेरीज काही दिसत नाही, आणि पाऊस ओसरल्यावर आश्विन-कार्तिकातले थोडे दिवस तेवढे हवा स्वच्छ असते. त्यातही घाटमाथ्याकडची बाजू सकाळी उजळते, तर कोकणाकडे तोंड करून उभा असलेला कडा सकाळभर आपल्याच सावलीत असतो आणि दुपार कलल्यावर त्याच्यावर ऊन येते. म्हणून एकाच गडाची दोन्ही अंगे टिपायची तर वर मुक्काम करण्यावाचून गत्यंतर नसते.

त्या काळच्या साधनांनी ही अडचण आणखी वाढवली होती. एका रोलवर बारा, फार तर छत्तीस छायाचित्रे निघत. रोल महाग असे आणि काढलेले चित्र कसे उमटले हे घरी परतून, रोल धुऊन घेतल्यावरच कळे. पावसाळ्यातील दमट हवा भिंगाला आणि फिल्मला सारखीच घातक. गडावर जायला आजच्यासारखे रस्ते नव्हते. लेखणीवर घर चालवणाऱ्या माणसाने अशा परिस्थितीत वर्षानुवर्षे ही छायाचित्रे काढली, यावरून त्यांच्या ओढीची कल्पना येते.

या चित्रांना आज आणखी एक महत्त्व आहे. १८१८ मध्ये मराठी सत्ता संपल्यावर इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटा आणि तटबंदी मोडून टाकली. रायगडावरचा राजवाडा त्याच वर्षीच्या तोफांच्या माऱ्यात जळाला. त्यानंतरची झीज ऊन, पाऊस आणि तटात रुजलेल्या वड-पिंपळांनी केली. स्वातंत्र्यानंतर काही गडांवर डागडुजी झाली, काही ठिकाणी नव्या पायऱ्या आणि इमारती आल्या, आणि रायगडाला १९९६ मध्ये रोपवे झाला. दांडेकरांची भ्रमंती प्रामुख्याने या बदलांच्या आधीची आहे.

कर्नाळा ते रायगड

पूर्वीच्या कुलाबा आणि १९८१ पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याशी दांडेकरांच्या लेखनाचे नाते घट्ट आहे. पनवेलहून पेणकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला आभाळात रोवलेल्या अंगठ्यासारखा कर्नाळ्याचा सुळका दिसतो. पुढे पेण, नागोठणे, रोह्याचा फाटा असलेले कोलाड, माणगाव असे करत हा रस्ता महाडला पोहोचतो आणि तेथून रायगडाची वाट फुटते. या मार्गाच्या दोन टोकांवर दांडेकरांच्या दोन कादंबऱ्या आहेत. कर्नाळ्याच्या परिसरात जैत रे जैत घडते, तर रानभुली ही रायगडाच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या मुलीची कहाणी आहे.

या दोन टोकांमधला पेण-रोह्याचा टापू गडांनी भरलेला आहे. पेणजवळ सांकशीचा किल्ला, खांब गावाजवळ सुरगड, रोह्याच्या उत्तरेला कुंडलिका नदीच्या खोऱ्यावर नजर ठेवणारा अवचितगड आणि दक्षिणेला घोसाळगड. राजधानीचा मान नसलेले हे गड रानात दडलेले आहेत. खाडीतून वर येणाऱ्या मालावर आणि घाटवाटांवर पहारा ठेवणे हे त्यांचे मुख्य काम. अवचितगडावर बारा कोनांचा बांधीव तलाव आहे आणि चढताना दाट झाडी लागते. भातखाचरे, त्यांच्यामागे रानाने झाकलेल्या टेकड्या आणि सर्वांत मागे सह्याद्रीची निळी भिंत, असे तीन थरांचे दृश्य या भागातून दिसते. ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्या या टेकड्यांच्या कुशीत आहेत. दांडेकरांच्या कादंबरीतला माणूस याच वाड्यांतला आहे.

जैत रे जैत (१९६५) या कादंबरीचा नायक नाग्या हा ठाकरांचा भगत आहे. राणीमाशीच्या दंशाने त्याचा डोळा जातो. लिंगोबाच्या डोंगरावर, जेथे माणसाचा हात पोहोचत नाही अशा कड्याला आग्या मोहळे लागलेली आहेत. ती उतरवून माशीचा सूड घ्यायचा असा पण तो करतो. चिंधी या तेजस्वी ठाकर स्त्रीची साथ त्याला मिळते. जैत म्हणजे विजय. तो नाग्याला मिळतो, पण चिंधीला गमावून. कर्नाळ्याच्या सुळक्याला आजही मोठमोठी मोहळे लटकलेली असतात आणि चढाई करणाऱ्यांना त्यांची भीती असते. जी गोष्ट दुसऱ्या लेखकाने दृश्यवर्णनात संपवली असती, तिला दांडेकरांनी कादंबरीचा कणा केले. सुळक्याची उंची, कड्याची उभार भिंत, धुराचे लोट आणि ढोलाचा नाद यांची योजना इतकी डोळस आहे, की या कादंबरीवर चित्रपट निघणे स्वाभाविकच होते. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांनी नाग्या व चिंधीच्या भूमिका केल्या, ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांमुळे मूळ कादंबरी न वाचलेल्यांपर्यंतही ही कथा पोहोचली. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कर्नाळ्याचा परिसर १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला, म्हणजे कादंबरीनंतर तीन वर्षांनी.

इतर साहित्य

दांडेकरांच्या सामाजिक कादंबऱ्यांत कोकणातल्या बालविधवेची शितू (१९५३) आणि ओसाड पडत जाणाऱ्या गावाची पडघवली (१९५५) या सर्वाधिक वाचल्या जातात. पूर्णामायची लेकरं वऱ्हाडी बोलीत आहे. आम्ही भगीरथाचे पुत्र ही भाक्रा-नांगल धरणाच्या उभारणीवरील कादंबरी त्यांच्या एकंदर प्रवृत्तीत वेगळी पडते, कारण येथे नदी आणि डोंगर बदलणाऱ्या माणसांची बाजू त्यांनी तितक्याच आत्मीयतेने मांडली आहे. मोगरा फुलला (ज्ञानेश्वर) आणि दास डोंगरी राहतो (रामदास) या संतचरित्रात्मक कादंबऱ्या, तर बया दार उघड, हर हर महादेव, दर्याभवानी, झुंजार माची आणि हे तो श्रींची इच्छा या शिवकालावरील कादंबऱ्या होत.

वऱ्हाडी, मावळी, कोकणी, ठाकरी अशा अनेक बोली त्यांच्या कानाने अचूक टिपल्या होत्या. भूतकाळाविषयीची ओढ आणि भावनेचा भर ही त्यांच्या लेखनाची मर्यादाही आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांत ती अधिक जाणवते, कारण तेथे भक्तीपुढे संशयाला जागा राहत नाही. बुधा, धोंडी आणि नाग्या यांच्या कथांत मात्र ही ओढ एका विशिष्ट डोंगराला आणि एका विशिष्ट माणसाला बांधलेली असल्याने ती सैल होत नाही.

अखेरची वर्षे आणि वारसा

आपल्या कादंबऱ्यांचे श्रोत्यांसमोर अभिवाचन करण्याची परंपरा दांडेकरांनी सुरू केली. कन्या वीणा देव आणि जामात विजय देव यांनी त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या पश्चातही हे प्रयोग गावोगाव केले. अभिनेत्री मृणाल कुलकर्णी या त्यांच्या नातीनेही त्यांत भाग घेतला. वीणा देव यांनी आशक मस्त फकीर हे वडिलांचे चरित्र लिहिले. १ जून १९९८ रोजी पुणे येथे दांडेकरांचे निधन झाले.

त्यांच्या नावाने दुर्गप्रेमींचे मंडळ कार्यरत असून दुर्गविषयक साहित्याची संमेलने गडांच्या परिसरात भरवली जातात. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. दांडेकरांचे वारंवार जाणे झालेले रायगड आणि राजगड त्यांत आहेत. तळेगावजवळचा लोहगडही आहे. राजमाची, तुंग, कर्नाळा आणि अवचितगड या यादीत नाहीत.